कापणीतला टीव्ही

दोन हजार बारा साली आमच्याकडे धानाची कापणी लांबली. तुडतुडा किडीनं अर्ध्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आधीच जाळल्यासारख्या तांबड्या करून ठेवल्या होत्या. उरलेलं धान माझ्या चुलतभावानं, हिरालालदादानं, मुलगा विवेक आणि सून अल्का यांना घेऊन कसंबसं कापलं. मजूर मिळालेच नाहीत. कापलेलं धान काही दिवस बांधीतच आडवं पसरून वाळू देतात, त्याला आम्ही कडपा म्हणतो. कडपा पडलेला असला की घरातलं माणूस आधी आभाळाकडे बघतं आणि मग चूळ भरतं.

नेमका त्याच दिवसांत कृषी सहायकाचा फोन आला.

मी बांधीच्या मातीच्या पाळीवर पाण्याची कळशी घेऊन बसलो होतो. गोंदियाच्या एका शाळेत ग्रंथालयातली पुस्तकं लावण्यात माझी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर दवनीवाड्याला परत आलो, एकटाच होतो म्हणून दादाच्या शेजारची खोली घेतली आणि जेवण त्यांच्याकडे. शेतातलं काम मला कधी साधलं नाही. पाणी नेऊन देणं, इकडचा विळा तिकडे करणं, एवढंच.

विवेकनं फोन खिशात घातला आणि कडप्यातूनच हाक मारली, "बाबा, आईचं ते रोवन्याचं शूटिंग रविवारी दाखवून राहिले म्हनते. साडेसहाले."

दादा कोपऱ्यातलं शेवटचं धान कापत होता. तो उभा राहिला. कंबर सरळ व्हायला त्याला वेळ लागतो. त्यानं एक हात मांडीवर, एक कमरेवर ठेवला आणि मग विचारलं, "आईचं म्हनजे तिचंच ना?"

"तिचंच. फिरून दाखवून राहिले."

तीन वर्षांपूर्वीच्या रोवण्यात शेतीच्या एका कार्यक्रमाची माणसं गावात आली होती. चिखलात कॅमेरा घेऊन उतरली, दोघांचे बूट तिथेच रुतले. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवणाऱ्या बायांच्या रांगेत विवेकची आई, आमच्या कुसुमवहिनी होत्या, आणि त्या माणसांनी वहिनींनाच प्रश्न विचारले. ज्या संध्याकाळी ते टीव्हीवर लागलं, त्या संध्याकाळी भारनियमनात आमचं गाव अंधारात होतं. वहिनी तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, "बरं झालं, मले तोंड पाह्याची लाज वाटते." त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. पोटाचं दुखणं होतं. रोवण्याच्या वेळीच त्या वाळायला लागल्या होत्या, पण तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल, बोललं कोणी नाही.

"आपल्या टीवीवर कसं दिसन?" अल्का म्हणाली. "त्याच्यात तं सबन हिरवे दिसते."

ते खरं होतं. घरातला टीव्ही जुना, पोटाचा होता. त्यात प्रत्येक माणूस हिरवा दिसे आणि प्रत्येकाच्या मागे आणखी एक पुसट माणूस.

"उद्या गोंदियाले जातो," दादा म्हणाला. "नवा आनतो. तो पातरा, भिंतीचा."

विवेकनं हातातला विळा खाली टाकला. "कडपा पडून हाये, ढग येऊन राहिले, अन् तुमाले टीवी सुचून राहिला? पानी आलं तं लोंबीले कोंब फुटतीन. मंग बसा टीवी पाहत."

"टेकचंदभाऊच्या घरी पाहून घेऊ ना बाबा," अल्का म्हणाली. "त्यायच्या घरी मोठा हाये."

"दुसऱ्याच्या घरी मंदीच कोनी उठन, कोनी च्या आनन, पोट्टे चॅनल बदलवतीन. मले एक डाव सरखं पाह्याचं हाये." दादा पुन्हा खाली बसला आणि कापायला लागला. जमिनीकडे बघूनच म्हणाला, "तुले जे करायचं ते कर. मी जातो."

संध्याकाळी घरी येताना तो माझ्याबरोबर मागे रेंगाळला.

"रत्नपाल, तुले एक सांगू का? मले तिचा चेहरा येतच नाई आता."

मी पाऊल हळू केलं.

"आठवाले गेलो का तो मतदानाच्या कार्डावरचा येते. तेवढाच एक फोटो हाये. गाल आत गेले, डोरे एवढाले. ते का कुसुम होय? माह्यासंगं जनमभर राहिली ते बाई येगरीच होती. ते गेली कोठी?"

ते कार्ड वहिनींच्या शेवटच्या वर्षात काढलेलं होतं. लग्नातले फोटो एका पावसात घर गळलं तेव्हा एकमेकांना चिकटून गेले होते. मला वहिनींचा जुना चेहरा आठवत होता. निदान मला तसं वाटत होतं. पण मी सांगितला असता तर तो त्याला माझ्या शब्दांतून दिसला असता, आणि माझ्या शब्दांवर माझाच फारसा भरवसा नाही.

शेवटी विवेकनंच मधला मार्ग काढला. भारे दवातच बांधावे लागतात. ऊन चढलं की वाळलेल्या लोंब्या हात लागताच झडतात. म्हणून शुक्रवारी आणि शनिवारी पहाटे सगळ्यांनी बांधायचं आणि शनिवारी ऊन चढल्यावर दादानं आणि मी गोंदिया गाठायचं, असं ठरलं. "दोपारी परत या," तो म्हणाला. "तठी पिच्चर पाहत बसू नका."

शनिवारी पहाटे मीही चार भारे बांधले. तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, बंद पिळून गुडघ्यानं भारा दाबायचा आणि पीळ आत खोचायचा, असं ते असतं. माझा पहिला भारा अल्कानं उचलला तसा सुटला. ती हसली नाही, गुपचूप पुन्हा बांधला. त्यामुळे मला जास्त लाज वाटली. बोटं दवानं काकडली होती आणि मानेवर धानाचा कूस चावत होता. अंग न धुताच आम्ही काळी-पिवळी जीपमध्ये बसलो.

जाताना मला पहिला टीव्ही आठवत होता. नव्व्याण्णव साली धान चांगलं झालं होतं, तेव्हा दादा आणि वहिनी असेच गोंदियाला गेले होते आणि मी शाळेतून सुटी काढून त्यांना बाजारात भेटलो होतो. वहिनी दुकानातल्या खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. भरल्या अंगाच्या, गोल तोंडाच्या. हसल्या की गालांमुळे डोळे मिटायचे. "टेबल फुकट देत असन तं देतो म्हन, नाई तं मी अठीच बसतो," असं त्या दुकानदाराला म्हणाल्या. त्यांना हिंदी येत नव्हती आणि त्याला आमची बोली कळत नव्हती. टेबल मिळालं. त्या हिवाळ्यात अख्खी गल्ली दादाच्या अंगणात जमायची. टीव्ही दारात तोंड बाहेर करून ठेवत, बायका पोती आणि पाट घेऊन येत, कोणी शेंगा आणी. सकाळी अंगणात टरफलांचा खच असायचा आणि वहिनी तो झाडताना कोणाकोणाच्या नावानं बोटं मोडायच्या. संध्याकाळी पुन्हा त्याच सगळ्यांना हाका मारायच्या. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि अंगण रिकामं राहायला लागलं. कोणाची चूक नव्हती.

या वेळचं दुकान काचेच्या दाराचं होतं. अशा दुकानात शिरायचं म्हटलं की मी आधी बाहेरच्या पाट्या वाचत उभा राहतो. दादानं पायरीवर चपला काढल्या. आतला टाय घातलेला माणूस म्हणाला, "चाचा, चप्पल पहन के आइए, यहाँ सब पहनते हैं." दादा परत जाऊन चपला घालून आला, आणि मग पांढऱ्या फरशीवर त्याच्या चपलांची माती उमटायला लागली, तसा तो चवड्यांवर चालू लागला. आत थंडगार होतं. त्याच्या सदऱ्याला पाठीवर धानाची पानं चिकटलेली होती. ती मला दारात का दिसली नाहीत कोण जाणे.

भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच चित्र होतं. आधी पोपट, मग धबधबा, मग समुद्रातले रंगीत मासे, मग पुन्हा पोपट.

"देखिए, एचडी है. एकदम काँच जैसा. पंख का रेशा-रेशा गिन लो."

दादानं बराच वेळ पोपट पाहिला. "बरोबर हाये," तो म्हणाला. "मानूस दिखाव ना भाऊ."

"मतलब?"

"मानूस. बाई. तोता तो आमच्या झाडावर बी दिखता है."

दुकानात एक नवराबायको फ्रिज बघत होते, ते वळले. टायवाला हसला, त्यानं रिमोट दाबला आणि भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर एकदम एक नटी नाचायला लागली. कमी कपड्यांतली.

"ये लो चाचा, बाई."

नवराबायको मोठ्यानं हसले. दादाची मान खाली गेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला तो याचसाठी घेऊन आला होता. मी शहरात नोकरी केलेला, वाचणारा. मी दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा आवाज आला, तोही फार हळू. "समाचार लगा दीजिए. समाचार में जो बोलती हैं, वो."

टायवाल्यानं बातम्या लावल्या. बातम्या देणारी बाई दिसली तसा दादा पुढे गेला आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर उभा राहिला. लोंबीत दाणा भरला का, हे ज्या नजरेनं बघतो तसं त्यानं तिचं तोंड बघितलं. कपाळ, भुवया, ओठांची कड.

"पुसट नाई," तो मला म्हणाला. "भुवईचा केस न केस दिसते. हाच घे."

"कितने इंच का?" टायवाल्यानं विचारलं.

घरी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. दादानं त्या दोन तसबिरींखालची जागा दोन्ही हात पसरून दाखवली आणि हात तसेच पसरलेले ठेवून सगळे टीव्ही एकेक करून मापले. तिसरा बसला. टायवाला आता हसत नव्हता. खोका बांधून देताना त्यानं आपणहून सांगितलं, "चाचा, खड़ा रखके ले जाना. सुलाना मत, काँच फूट जाएगी."

परतीच्या काळी-पिवळीत ड्रायव्हर खोका टपावर आडवा टाकायला निघाला. दादानं तो दिला नाही. दोन्ही पायांमध्ये उभा धरून, हनुवटी त्याच्यावर टेकवून तो बसला. समोर आमच्याच गल्लीतल्या जमुनाबाई होत्या. वहिनींच्या बरोबरीनं एका रांगेत त्यांनी कित्येक रोवणे काढले होते. त्यांची जीभ पहिल्यापासून तिखट.

"काय हिरालालभाऊ, एवढी कवटाळून धरली! नवरी आनून राहिले का?"

गाडीतले लोक हसले.

"नाई वो," दादा म्हणाला. "जुनीच हाये."

जमुनाबाईंचं हसू थांबलं. थोड्या वेळानं त्यांनी पदरानं खोक्यावरची धूळ पुसली आणि विचारलं, "किती वाजता लागते?"

विवेकनं घरी आल्या आल्या टीव्ही भिंतीला लावला. तो आमच्यावर चिडलेला होता, पण खोका उघडताना त्याचे हात हलके पडत होते. डिशची तार जोडली, चित्र आलं, आणि अल्का तोंडाला पदर लावून हसायला लागली. बातम्या देणारा माणूस भोपळ्यासारखा दिसत होता. खांदे या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागून मोटार गेली ती बुटकी आणि लांबलचक.

"अगा बापा," दारातून डोकावलेल्या जमुनाबाई म्हणाल्या, "हे लोक खाते तरी काय?"

दादाचं तोंड पडलं. "दुकानात तं असं नव्हतं."

"आपल्या डिशवर चित्र चौकोनी येते अन् टीवी हाये लांब," विवेक म्हणाला. "तानून भरते तो. कोठी तरी बटन असन. करतो मी, पयले भारे तं आनू द्या."

पण रविवारी कोणाला टीव्हीकडे बघायला सवड झाली नाही. पहाटेच पूर्वेकडून ढग आले. उरलेला कडपा बांधून, भारे डोक्यावर वाहून पुंजण्यात, म्हणजे भाऱ्यांच्या ढिगात, रचायचे होते. दवाचा नियम त्या दिवशी कोणी पाळला नाही. लोंब्या झडत होत्या आणि आम्ही झडू देत होतो. दादा वर उभा राहून भारे झेलून लोंब्या आत करून रचत होता, विवेक खालून फेकत होता, अल्का आणि जमुनाबाई वाहत होत्या. जमुनाबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. मीही वाहिले. माझी मान दोन खेपांतच आखडली, पण थांबलो नाही. पुंजण्यावर ताडपत्री टाकून दोर आवळेपर्यंत दिवस मावळला, आणि पहिले थेंब ताडपत्रीवर वाजायला लागले.

"सहा वाजून गेले," विवेक म्हणाला.

आम्ही बांधांवरून जवळजवळ पळत आलो. कोणी हातपाय नीट धुतले नाहीत. अल्कानं पोतं अंथरलं. दादा मधोमध बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. नखांत माती, केसांत तणीस. विवेक रिमोट घेऊन उभा. कार्यक्रम सुरू झाला होता. आधी एक बैलजोडी आली, ती इतकी रुंद की जमुनाबाई म्हणाल्या, "असे बैल माह्या बापानं बी नाई पाह्यले." मग कोणी साहेब खतावर बोलले.

विवेक बटणं दाबत होता. पडदा एकदा निळा झाला, एकदा नुसती अक्षरं आली. "थांब, जाईन ते!" दादा ओरडला. तेवढ्यात चित्र दोन्ही बाजूंनी आत सरकलं. कडेला दोन काळ्या पट्ट्या उभ्या राहिल्या आणि साहेब साध्या माणसासारखे दिसायला लागले.

"हं. आता बरोबर," विवेक म्हणाला.

आणि रोवणा आला. आमचीच बांधी. वाकलेल्या बायांची रांग मागे मागे सरकत होती. "ते मी," जमुनाबाई म्हणाल्या, "लाल लुगड्याची." रांगेतली एक बाई उभी राहिली. मनगटानं कपाळावरचा चिखल पुसला आणि तो जास्तच पसरला.

"आई," अल्का म्हणाली.

चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. वहिनींच्या भुवया दिसत होत्या, हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं. गालांची हाडं दिसत होती. गळ्याच्या शिरा दिसत होत्या. आम्हांला तेव्हा जे दिसलं नव्हतं ते सगळं दिसत होतं.

माइक धरलेल्यानं विचारलं, "मावशी, दिवसभर वाकून कंबर दुखत नाही का?"

दादा हलला. "विवेक, ते पयलेसारखं कर."

"काय?"

"पयले होतं तसं. तानलेलं."

"काऊन बाबा? हेच बरोबर हाये."

"कर म्हनलं ना बापा!"

त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. विवेकनं बटण दाबलं. काळ्या पट्ट्या गेल्या आणि चित्र पसरलं. वहिनींचे गाल भरले. गळा भरला, खांद्यांवरचं लुगडं घट्ट बसलं. गोल तोंडाची एक बाई आमच्या भिंतीवर चिखलात पाय रोवून उभी होती आणि हातातली पऱ्ह्यांची जुडी हलवत म्हणत होती, "कंबर दुखते तं काय करू, तुमाले देऊ का? या, उतरा खाली. नुसतं पुसून का होते?"

ती हसली आणि तिचे डोळे मिटले.

मग खाली वाकली, रांगेत मिसळली, आणि चित्र दुसऱ्या कुठल्या तरी गावाला गेलं.

बाहेर पाऊस धरला होता. पुंजणं झाकलेलं असल्यामुळे कोणी उठलं नाही. जमुनाबाई डोळे पुसत होत्या आणि मधेच हसत होत्या, "कशी बोलली पाहा थ्याले, कशी बोलली." विवेक रिमोटकडे बघत उभा होता. आपल्या आईला आपण नुकतंच काय केलं, हे त्याला कळत नसावं. मलाही ठरवता येत नव्हतं. दोन्हींतलं कोणतं चित्र खरं, हे सांगायची माझी पात्रता नाही. मला नव्व्याण्णव सालच्या खुर्चीतल्या वहिनी आठवत होत्या, आणि मघा भिंतीवर ज्या होत्या त्या याच होत्या, एवढंच.

"बाबा," विवेकनं हळू विचारलं, "बंद करू?"

 दादा तसाच बसला होता, हात गुडघ्यांवर. पडद्यावर कोणी तरी फवारणीचा पंप दाखवत होतं, आणि दादाचे डोळे मिटलेले होते.

"हिरालालभाऊ," जमुनाबाई त्याच्याजवळ सरकल्या. "पाह्यली ना सरखी?"

"बोलू नका वो," तो डोळे न उघडता म्हणाला. "दिसून राहिली."